खंडेनवमीची मालगाडी

माझा थोरला भाऊ कुपवाडच्या एका लहान वर्कशॉपमध्ये टर्नर होता. आठवडाभर लेथवर लोखंड कातल्यावर माणसाला लोखंडाचा कंटाळा यायला हवा. दादाला तो कधी आला नाही. रविवार उजाडला की तो स्कूटरला किक मारायचा, मला मागे बसवायचा, आणि आम्ही सांगलीहून नांद्र्याच्या स्टेशनावर मालगाड्यांची इंजिनं बघायला जायचो. मी कॉलेजात ग्रंथपाल. माझ्या पिशवीत पुस्तक असायचं, त्याच्या पिशवीत वहिनींनी बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि ठेचा. पुस्तक बहुतेक वेळा न उघडताच घरी यायचं. भाकरी कधी परत आल्याचं आठवत नाही.

हा छंद लोकांना समजावून सांगणं अवघड होतं. पक्षी बघायला जातो म्हटलं तर माणसं मान डोलावतात. डिझेल इंजिन बघायला जातो म्हटलं की विचारतात, रेल्वेत नोकरी आहे का? नाही म्हटलं की गप्प बसतात. दादा त्यांना उत्तर देत नसे. त्याला एकच कळायचं, की तीन-साडेतीन हजार टनांचं ओझं पाठीशी घेऊन उभं असलेलं इंजिन जेव्हा पहिल्यांदा हलतं, तेव्हा बघणाऱ्याच्याही पोटऱ्या ताठ होतात. ते खरं होतं. मी कितीही वेळा पाहिलं तरी माझ्या ताठ झाल्याच.

आमच्यासोबत तिसरा एक गडी असायचा. तासगावचा बेदाण्याचा व्यापारी, जैन, आमच्याहून पाचसहा वर्षांनी लहान. त्याच्याकडे चांगला कॅमेरा होता आणि आशावादी स्वभाव होता. आम्हा तिघांचा एक खेळ ठरलेला. गाडीचा आवाज आला की रुळांकडे पाठ करून बसायचं, हात गुडघ्यावर ठेवायचे आणि नुसत्या कानांनी सांगायचं, इंजिन कुठलं, एक की जोडी, गाडी भरलेली की रिकामी. मालगाडीची नवी डिझेल इंजिनं, डब्ल्यूडीजी-फोर आणि तिची दोन्ही टोकांना केबिन असलेली धाकटी बहीण फोर-डी, ही आम्हा तिघांची आवडती. जुनी इंजिनं दमेकऱ्यासारखी धापा टाकत यायची. ही नवी तशी नव्हती. खाली एक सलग, जाड घुमारा आणि वर बारीक शीळ, तंबोरा लावून शेजारी कुणी शीळ घालत बसावं तशी. व्यापारी दर वेळी ‘जोडी’ म्हणायचा, कारण त्याला जोडी हवी असायची. त्यामुळे तोच हरायचा, आणि हरणाऱ्यानं पुढच्या रविवारी भडंग आणायचं असल्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

आमचे कान चुकलेच नाहीत असं नाही. एका उन्हाळ्यात उसाच्या फडापलीकडून असा दणदणीत घुमारा ऐकू आला की दादासकट सगळ्यांनी शपथेवर सांगितलं, सिग्नलला फोर-डीची जोडी उभी आहे. आम्ही बांधाबांधानं निघालो. पाचटानं हात ओरबाडून निघाले. फडाच्या पलीकडे येऊन बघतो तर कुणाच्या तरी रानात बोअर मारायची गाडी लागलेली, आणि तिचा कॉम्प्रेसर गरजतोय. रानाचा मालक आमच्याकडे बघत राहिला. दादानं खरं काय ते सांगून टाकलं. मालकानं थोडा विचार केला आणि म्हणाला, “इंजान न्हाई गावलं तर न्हाई, पर पाणी लागलंय. च्या घिऊन जावा.” आम्ही चिखलात उभं राहून चहा घेतला. व्यापाऱ्यानं बोअरच्या गाडीचा फोटो काढला. तो अजून त्याच्याकडे आहे.

दादाची एक रीत मात्र खेळातली नव्हती. खंडेनवमीला कुपवाडमध्ये सगळ्या मशिनींची पूजा असते. लेथ, ड्रिल, वेल्डिंगचा सेट, सगळं पुसून-पासून हळदीकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. एका वर्षी एक माळ उरली. दादा ती पिशवीत टाकून दुपारी स्टेशनावर आला. लूप लाईनवर, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला मालगाड्या बाजूला घेतात त्या रुळावर, एक डिझेल उभं होतं. दादा खाली उभा राहून म्हणाला, साहेब, आज सगळ्या मशिनींना माळ आहे आणि एवढं थोरलं मशीन तसंच जातंय, बरं दिसत नाही. लोको पायलटनं हात खाली करून माळ घेतली, दाराजवळच्या दांड्याला बांधली आणि निघताना लांबलचक हॉर्न दिला. तेव्हापासून दरवर्षी दादा एक माळ जास्तीची करायला लावायचा. माळ वहिनी ओवायच्या. त्या स्टेशनावर कधी आल्या नव्हत्या. त्यांची पिठाची गिरणी आहे, सणाच्या तोंडावर त्यांना मान वर करायला फुरसत नसे. पण संध्याकाळी दादा घरी आला की पहिला प्रश्न असायचा, कुठल्या इंजिनाला गेली माझी माळ.

यंदा होळीच्या आधी दादा गेला. दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळाला नाही.

त्यानंतर मी पुष्कळ वाचलं आणि फारसं काही लक्षात राहिलं नाही. रविवारी स्कूटर उभीच असायची. व्यापारी अधूनमधून फोन करायचा, अमुक गाडी गेली, तमुक गाडी गेली. मी हूं म्हणायचो. रेल्वेवर विजेची तार आली होती, जायला-यायला वेगळा असा दुसरा रूळही पडला होता. विजेची इंजिनं धावू लागली होती आणि मालगाड्यांना थांबायचं कारण उरलं नव्हतं. डिझेल अजून येत होती, पण बोलावल्याशिवाय येणाऱ्या पाहुण्यासारखी, कधीही, कशीही. मला वाटलं, बरोबर आहे. दादाही नाही.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो. गणपती बसला नाही, घट बसले नाहीत, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण घट बसण्याच्या आठवड्यात एके दिवशी मी गिरणीत दळण आणायला गेलो, तेव्हा वहिनींनी पट्टा बंद केला. आवाज थांबेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाल्या, “भावजी, खंडेनवमीला मला नांद्र्याला न्या. माळ मी करणार हाय आन मीच घालणार हाय.”

मी वर्षाची आठवण करून दिली. त्यांनी हातावरचं पीठ झटकलं.

“वरीस आपल्या घराला हाय. इंजनाला कसलं सुतक?”

इतकी वर्षं पुस्तकांत घालवली, पण या मुद्द्यावर कुणी काही लिहून ठेवल्याचं आठवेना.

उत्तर होतं ते आमच्या आत्याकडे. आत्या रहिमतपूरची. दादा गेल्यापासून ती महिन्या-दोन महिन्यांनी येऊन राहायची आणि नेमकी त्याच आठवड्यात आली. तिच्या कानावर गेलं आणि घरात दोन दिवस भांड्यांचा आवाज वाढला. तिचं म्हणणं दोन भागांत होतं. पहिला भाग ती मोठ्यानं बोलायची, की सुतकाच्या घरातली माळ कुठल्या मशिनीला घालू नये, वाटेत काही झालं तर? दुसरा भाग तिनं कधी उच्चारला नाही, पण वहिनींच्या रिकाम्या कपाळाकडे तिची नजर जायची तेव्हा तो सगळ्यांना ऐकू यायचा. शेवटी तिनं तोडगा काढला. माळ घालायचीच असेल तर ती घालील. सूनबाईनं नुसतं यावं, लांब उभं राहून बघावं.

वहिनींचा चेहरा मी पाहिला. त्यांना दुसरा भाग कळला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “आवं आत्याबाई, चला की. गाडीत जागा हाय.” पण सणाच्या आदल्या रात्री झेंडूचा ढीग पुढ्यात घेऊन बसल्या तेव्हा सुई फार जोरात चालत होती. मला कळून चुकलं की त्यांना नुसती माळ पोचवायची नव्हती. ती त्यांच्या हातून जायला हवी होती. आणि मलाही, कसं कोण जाणे, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा काहीतरी हवंसं वाटत होतं.

खंडेनवमीला सकाळीच व्यापारी गाडी घेऊन आला. ती धुतलेली, बॉनेटवर झेंडू, चाकाखाली लिंबू चिरडलेलं. आत्या पुढे बसली आणि माळेची पिशवी तिनं मांडीवर घेतली. ती पिशवी तिनं स्टेशनावर पोचल्यावरही सोडली नाही. बाकावर पदर सावरून बसली ती थेट दोन्ही हात पिशवीवर ठेवून. वाटेत ट्रॅक्टर, एसट्या, बैलगाड्यांची चाकं, सगळं सजलेलं होतं. स्टेशनावर मात्र काही नव्हतं. ऊन, दोन कुत्री, आणि वर ताणलेली नवी तार.

पहिली मालगाडी आली ती विजेच्या इंजिनाची. न थांबता निघून गेली. आत्यानं विचारलं, यालाच का नाही दिली? वहिनी म्हणाल्या, याला कुठं धाप लागतीया, नुसतं सुळकन् गेलं. व्यापारी हसला. आयुष्यात स्टेशनावर न आलेली बाई आमच्यापेक्षा कडक निघाली होती.

दुसरी आली, तीही तसलीच. मग एक एक्स्प्रेस. मग बराच वेळ काही नाही. व्यापाऱ्याच्या फोनवर आमच्यासारख्याच रिकामटेकड्यांचा एक गट आहे, मिरजेपासून साताऱ्यापर्यंत पसरलेला. तिथून निरोप येत होते आणि एकही कामाचा नव्हता. तो दर थोड्या वेळानं आशेनं मान उचलायचा आणि खाली घालायचा. मी त्याला सांगितलं की आली तरी थांबेल कशाला, दोन रूळ झालेत. तो म्हणाला, सर, तुम्ही पुस्तकं वाचता म्हणून असं बोलता.

एवढ्यात हॉर्न वाजला.

आम्ही दोघं एकदम उठलो. सवयीनं रुळांकडे पाठ केली, उभं असल्यामुळे हात गुडघ्यांऐवजी मांड्यांवर ठेवले. खोल, दोन सुरांचा हॉर्न, शंका घ्यायला जागाच नाही. व्यापारी कुजबुजला, जोडी. मीही म्हटलं, फोर-डी. पुन्हा वाजला, अगदी जवळ. मग तिसऱ्यांदा वाजला तेव्हा वहिनींनी कमरेच्या पिशवीतून दादाचा मोबाईल काढला आणि कानाला लावला. पलीकडे गॅसचा सिलिंडर घेऊन आलेला माणूस घराच्या दारात उभा होता. शेजारी ठेवा म्हणून त्यांनी सांगितलं.

दादानं ती रिंग स्वतः इथंच रेकॉर्ड केली होती. वहिनींनी बदलली नव्हती. आत्या आम्हा दोघांकडे, स्टेशनावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या दोन पोक्त माणसांकडे बघत होती. तिचे खांदे आधी हलले. मग तोंडावर पदर गेला. मग तो पदरही आवरेना. “तिघंबी असंच उभं ऱ्हायचा व्हय रं?” तिनं कसंबसं विचारलं. “आन मी समजत हुते माझा भाचा लय शाना.” वहिनीही हसल्या. दादा गेल्यानंतर त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते जसंच्या तसं होतं, वरच्या पट्टीत सुरू होऊन खाली घसरणारं.

त्या हसण्यातच खरी गाडी आली. आम्हाला ऐकूच आली नाही.

व्यापाऱ्यानं आधी पाहिली. मिरजेच्या बाजूनं, वळणावर, उन्हात थरथरणारं तोंड. वर धुराची पातळ शेंडी. इंजिनावर तारेला लागणारा सांगाडा नव्हता. डिझेल. फोर-डी, आणि तिच्या मागं अजून एक. पाठीशी तेलाच्या टाक्यांची रांग. जोडी, जोडी, असं व्यापारी म्हणत राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचं बरोबर होतं. गाडी मुख्य रूळ सोडून आमच्या फलाटाला लागून असलेल्या लूपवर वळत होती. मागून एखादी उशिरा धावणारी एक्स्प्रेस असणार, तिला वाट द्यायला.

पण इंजिन आमच्यापाशी थांबलं नाही. ते संथपणे, जमीन दाबत, आमच्या समोरून पुढे गेलं. घुमारा छातीत बसला. टाक्यांमागून टाक्या जात राहिल्या, आणि इंजिन थांबलं ते पार फलाटाच्या त्या टोकाला.

आत्या उठली. पिशवी छातीशी धरून चार पावलं चालली आणि थांबली. तिचे गुडघे गेलेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं फलाटाच्या टोकाकडे पाहिलं. मागच्या बाजूनं एक्स्प्रेसची चाहूल लागलेली होती. ती गेली की या गाडीला सिग्नल मिळणार, आणि मग कुणी कुणासाठी थांबत नाही. व्यापाऱ्यानं माळ घ्यायला हात पुढे केला. मीही एक पाऊल टाकलं. आत्यानं आम्हा दोघांना बाजूला केलं.

“सूनबाई,” ती म्हणाली, “घे. पळ. माझ्यानं न्हाई हुयाचं. तुझ्या मालकाचं हाय, तूच घाल.”

वहिनींनी पिशवी घेतली, निऱ्या उचलून कमरेला खोचल्या आणि पळाल्या. पन्नाशीची बाई, पायात रबरी चपला. मी मागे पळालो आणि मला त्या गाठता आल्या नाहीत. फलाटाच्या दुसऱ्या कडेच्या रुळावरून एक्स्प्रेस धडधडत निघाली. तिच्या वाऱ्यानं पिशवी फडफडत होती आणि कुठल्याशा डब्याच्या दारातली माणसं आमच्याकडे बघून हात हलवत होती. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

मी पोचलो तेव्हा वहिनी दाराखाली उभ्या राहून धापा टाकत होत्या, आणि वर लोको पायलट, मिशा पिकलेला, कर्नाटक सीमेकडच्या बोलीचा माणूस, कान पुढे करून ऐकत होता. इंजिनाच्या तोंडाशी एक माळ आधीच होती, शेडवाल्यांनी सकाळी घातलेली. वहिनींनी ती पाहिली.

“सवत आदीच आली व्हय,” त्या म्हणाल्या.

पायलटला ते कळलं आणि तो मोठ्यानं हसला. म्हणाला, मोठ्या घरात दोघी नांदतात की. मग त्यानं विचारलं की कुणाच्या नावानं बांधायची, आणि माळ घ्यायला हात खाली केला. वहिनींनी मान हलवली. नावानं नाही, अशीच, सणाची. आणि मी बांधते. त्यानं सिग्नलकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि दाराजवळचा उभा दांडा दाखवला.

फलाटावरून त्यांचा हात जेमतेम पोचत होता. टाचा उंचावून त्यांनी माळ दांड्याला गुंडाळली, एक गाठ मारली, मग दुसरी, मग तिसरी. इंजिन त्यांच्या अंगावर गरम वारा सोडत होतं. फुलं थरथरत होती, दांडा थरथरत होता. मग त्यांनी पिशवीच्या तळातून हळदीकुंकवाची पुडी काढली. ती आत्यानं ठेवली असणार, वहिनींनी घेतलेली मी पाहिली नव्हती. पुडी बघून त्याही क्षणभर थबकल्या. पायरीच्या पत्र्यावर त्यांनी हळदीची बोटं ओढली, कुंकू लावलं, आणि तळहात तिथंच टेकून ठेवला. मी दुसरीकडे बघितलं. दादा लेथ सुरू करण्याआधी तसाच हात ठेवायचा.

सिग्नल हिरवा झाला. मी वहिनींना मागे ओढलं. घुमारा वाढला, शीळ वर चढली, टाक्यांच्या साखळ्यांतून एकामागून एक ठोके मागे पळत गेले, आणि माझ्या पोटऱ्या ताठ झाल्या. पायलटनं हॉर्न दिला. खूप लांब दिला. फलाटाच्या मधोमध, एका हातानं दिव्याचा खांब धरून, आत्या दुसरा हात वर करून उभी होती. ती काहीतरी ओरडत होती. आम्हाला ऐकू आलं नाही आणि तिनं नंतर सांगितलं नाही.

गाडी गेल्यावर आम्ही बाकावर बसून भाकऱ्या खाल्ल्या. आत्याला अचानक घाई झाली. गाडी साताऱ्याच्या अंगाला गेली म्हणजे रहिमतपुरावरूनच जाणार, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं घरी आपल्या सुनेला फोन लावला आणि हुकूम सोडला, कामं टाक, फाटकावर जाऊन उभी राहा, टाक्यांची गाडी आली की दांड्याला माळ आहे का बघ, मोबाईलवर काढून घे. पलीकडून बरेच प्रश्न आले असावेत. आत्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, मी सांगते म्हणून.

दिवे लागायच्या सुमाराला व्हिडिओ आला. आम्ही चौघं वहिनींच्या गिरणीच्या ओट्यावर बसलो होतो. व्हिडिओत आधी बराच वेळ सुनेचा अंगठा होता. मग फाटकाचा खांब, चार शेजारणी, कुणीतरी ‘आली, आली’ म्हणालं, आणि एक निळसर काहीतरी झपकन निघून गेलं. त्यावर दाराच्या जवळ एक केशरी रेघ. मग टाक्या.

आत्या म्हणाली, दिसली. व्यापारी म्हणाला, दिसली. त्या इंजिनांच्या अंगावर केशरी पट्टा रंगवलेला असतो, हे मला माहीत होतं. वहिनींना सांगू नये असं ठरवून मी चष्मा पुसत बसलो. पण त्यांनीच माझ्याकडे बघितलं.

“पट्टा असंल म्हणताय न्हवं?”

मी म्हटलं, असू शकतो.

त्यांनी व्हिडिओ मागे घेतला. पुन्हा लावला. अंगठा, खांब, शेजारणी, निळं. त्या ठिकाणी त्यांनी बोटानं तो थांबवला, सोडला, थांबवला, सोडला. मग फोन माझ्या नाकासमोर धरला.

“पट्टा हलतोय व्हय कुठं भावजी? ही बघा. ही हलतीया.”

मी पाहिलं. हलत होती.